‘गुण येणे’ : तीन वनौषधी, एक जंतू आणि शब्दांची साक्ष

१

गतवर्षी सूक्ष्मजीवशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी प्रस्तुत लेखकाकडे एक विनंती घेऊन आला. जठरात वास करणाऱ्या आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एका जंतूवर काही वनस्पतींच्या अर्कांचा काय प्रभाव पडतो, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. प्रयोगाचे काम बहुतेक पुरे झाले होते. प्रस्तावनेसाठी त्याला एक वाक्य हवे होते व त्या वाक्याला आधार म्हणून एखादे संस्कृत वचन हवे होते. वाक्य असे : ‘ह्या वनस्पती ह्या रोगावर प्राचीन काळापासून वापरल्या जात आहेत.’ भाषेच्या अभ्यासकास असे वचन काढून देण्यास फारसे श्रम पडू नयेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याने निवडलेली द्रव्येही तीनच होती : रुमी मस्तकी, दारुहळद आणि ज्येष्ठमध.

ते वचन अद्याप देता आलेले नाही. त्या लहानशा वाक्यातील ‘ह्या वनस्पती’, ‘ह्या रोगावर’ आणि ‘वापरल्या जात आहेत’ हे तिन्ही भाग निरनिराळे तपासावे लागले, आणि प्रत्येक ठिकाणी शब्द एक व वस्तू दुसरी असा प्रकार आढळून आला. प्रस्तुत निबंध हा त्या तपासणीचा वृत्तांत होय. विषय वैद्यकाचा असला तरी लेखक वैद्य नाही. येथे जे काही सांगावयाचे आहे ते शब्दांच्या इतिहासाच्या अंगाने. परंतु ह्या विषयात शब्दाची चूक ही केवळ कोशातील चूक राहत नाही, ती रुग्णाच्या पोटात जाते. म्हणून हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्यांपुढेही मांडणे अगत्याचे वाटले.

२

प्रथम जंतूविषयी. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरेन हे विकृतिशास्त्रज्ञ आणि बॅरी मार्शल हे तरुण वैद्य जठराच्या अस्तराचे तुकडे तपासीत होते. वॉरेन ह्यांना सूज असलेल्या अस्तरावर वळणदार जंतू वारंवार दिसले होते. परंतु ते प्रयोगशाळेत वाढत नव्हते. ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस उबवणीत राहिल्या आणि त्यांत हा मंदगतीने वाढणारा जंतू उगवून आला. जठरातील तीव्र आम्लात जंतू टिकत नाहीत, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त. पचनज व्रणाचे खापर आम्लावर आणि मनस्तापावर फोडले जाई. १९८४ साली मार्शल ह्यांनी ह्या जंतूचे द्रावण स्वतः पिऊन जठरशोथ ओढवून घेतला आणि त्याचा वृत्तांत पुढील वर्षी प्रसिद्ध केला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ह्या जंतूची गणना कर्ककारकांच्या पहिल्या वर्गात केली. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जंतूचे नावही एका व्याकरणदोषातून गेले आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचेल. आरंभी त्यास ‘कँपिलोबॅक्टर पायलोरिडिस’ म्हणत. ‘पायलोरस’ ह्या शब्दाची लॅटिन षष्ठी ‘पायलोरी’ अशी होते हे ध्यानात आल्यावर १९८७ साली नाव दुरुस्त करण्यात आले. आणि हा जंतू त्या गणातीलच नव्हे असे ठरल्यावर १९८९ साली ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे आजचे नाव रूढ झाले. पायलोरस म्हणजे मूळ ग्रीक भाषेत द्वारपाल. जठरातून आतड्यात उतरण्याच्या वाटेवरील द्वाराचे ते नाव.

नाव नवे असले तरी जंतू पुरातन आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या जनुकांतील भेदांवरून असे दाखविण्यात आले की मानव सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा हा जंतू त्याच्याबरोबर होता. २००९ साली पॅसिफिक बेटांवरील त्याच्या वाणांची जी वंशावळ मांडण्यात आली, ती ऑस्ट्रोनेशियन भाषांच्या प्रसाराशी मोठ्या प्रमाणात जुळते. आल्प्स पर्वतातील बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाच्या जठरातही तो २०१६ साली ओळखला गेला, आणि ते वाण आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणांशी जवळचे ठरले. भाषाकुलांची वंशावळ काढणाऱ्यास हे वाचून आनंद होणे स्वाभाविक आहे.

येथेच पहिला मोह उत्पन्न होतो. जंतू पुरातन, वैद्यकही पुरातन. तेव्हा प्राचीन वैद्यांनी पोटदुखीवर जे औषध दिले ते ह्याच जंतूवर दिले, असे म्हणण्यास काय हरकत आहे? हरकत अशी की जंतूचे अस्तित्व आणि त्याचे ज्ञान ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय ज्यांच्या जठरात हा जंतू असतो त्यांपैकी बहुतेकांस व्रण होत नाही. आणि ज्यांचे पोट दुखते त्या सर्वांच्या पोटात हा जंतू असतो असेही नाही. ‘पोटदुखी’ हे लक्षणाचे नाव आहे. त्यावरून जंतूपर्यंत सरळ वाट जात नाही.

३

संस्कृत वैद्यकातील रोगनामे घेतली तरी हीच अडचण येते. सातव्या-आठव्या शतकातील माधवकराच्या ‘माधवनिदान’ ह्या ग्रंथात शूलाच्या प्रकरणात परिणामशूल आणि अन्नद्रवशूल असे दोन विकार सांगितले आहेत. आम्लपित्ताचे वर्णनही त्यात आहे. पैकी परिणामशूल म्हणजे ग्रहणीतील व्रण आणि अन्नद्रवशूल म्हणजे जठरातील व्रण, असे समीकरण आधुनिक काळातील अनेक लेखकांनी मांडले आहे. लक्षणांची जुळणी पाहता ते अगदीच निराधार नाही. कारण अन्न पचत असता उठणारी कळ हे ग्रहणीव्रणाचे एक लक्षण आहे खरे.

परंतु आमच्या विद्यार्थ्याने ‘परिणामशूल’ ह्या शब्दाचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीचा परिणाम म्हणून उद्भवणारा शूल’ असा केला होता आणि तो परिणाम जंतूचा, असे अनुमानही काढले होते. आजच्या मराठीत परिणाम म्हणजे कार्य, फल. माधवकराच्या शब्दात परिणाम म्हणजे अन्नाचे पचन, त्याचे रूपांतर. शब्द तोच, अर्थ सरकलेला. आणि त्या सरकलेल्या अर्थावर एक आधुनिक सिद्धान्त प्राचीन ग्रंथात आपोआप जाऊन बसला.

‘जंतू’ ह्या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृतात जंतु म्हणजे जन्मास आलेला कोणताही प्राणी, मनुष्यसुद्धा. रोगोत्पादक सूक्ष्म जीव हा आजचा रूढ अर्थ आधुनिक वैद्यकाच्या परिचयानंतर मराठीत स्थिर झाला. ‘कृमि’ हा शब्द अधिक जवळचा, आणि चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगताना रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मतेमुळे डोळ्यांस दिसत नाहीत असेही म्हटले आहे. ही कल्पना निःसंशय उल्लेखनीय आहे. तथापि त्या रक्तज कृमींचा संबंध ग्रंथकाराने कुष्ठादि त्वग्विकारांशी जोडला आहे, जठरव्रणाशी नव्हे. जे वचन ज्या संदर्भात आहे तेथून ते उचलून दुसऱ्या संदर्भात ठेविले, तर ते वचन राहते, पुरावा राहत नाही.

‘ह्या रोगावर’ हा भाग अशा रीतीने शंकास्पद ठरला. आता ‘ह्या वनस्पती’ ह्या भागाकडे वळू.

४

दारुहळदीच्या मुळांचा व खोडाचा काढा दुधासह आटवून जे घन द्रव्य तयार होते त्यास रसांजन म्हणतात. बाजारात ते रसवत ह्या नावानेही मिळते. नावातील ‘अंजन’ हा अवयवच सांगतो की ह्याचा प्रमुख उपयोग डोळ्यांसाठी होता.

पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ह्याने ‘लिकियन’ नावाचे एक औषध वर्णिले आहे. आशिया मायनरमधील लिसिया प्रांतावरून ते नाव पडले. परंतु भारतातून येणारे लिकियन अधिक गुणकारी, असे त्याचे म्हणणे. डोळ्यांचे विकार मुख्य, पण अतिसार आणि रक्तातिसार ह्यांवरही ते पोटात द्यावे असे तो सांगतो. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक व्यापारवृत्तात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकॉन आणि बॅरिगाझा, म्हणजे आपले भडोच, ह्या दोन्ही बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालात लिकियन आहे. ग्रीक वसाहतींच्या अवशेषांत ह्या औषधाच्या बोटभर उंचीच्या, नावे कोरलेल्या बाटल्या सापडल्या असून त्यांवर एडिंबरोचे प्रसिद्ध वैद्य जेम्स यंग सिंप्सन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिले आहे.

हे भारतीय लिकियन म्हणजे नेमके काय? १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ‘कोलोकियुश’ ह्या संवादात्मक ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने त्याचे उत्तर ‘कात’ असे दिले. ओर्ता १५३४ पासून भारतात होता. येथील बाजार, येथील वैद्य व हकीम ह्यांच्याशी त्याचा नित्य संबंध होता, आणि पुस्तकी ज्ञानापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याचा भर असे. खैराचा कातही काढा आटवूनच करतात, तोही तुरट, तोही अतिसारावर देतात. वर्णन जुळले, ओळख मात्र चुकली. जॉन फोर्ब्स रॉयल ह्या सहारनपूर येथील उद्यानाच्या माजी अधीक्षकाने १८३३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे निबंध वाचून असे दाखविले की डायोस्कोरिडीसचे भारतीय लिकियन म्हणजे हिमालयातील दारुहळदीपासून होणारे रसांजन होय. आज अभ्यासकांस हेच मत मान्य आहे. दरम्यान वनस्पतिशास्त्रात ‘लिसियम’ हे नाव तिसऱ्याच एका काटेरी झुडुपांच्या प्रजातीला मिळून गेले होते. तिचा धोतरा-वांग्याच्या कुलाशी संबंध आहे, दारुहळदीशी नाही.

म्हणजे एका शब्दाखाली निदान तीन वनस्पती. ओर्तासारखा डोळस निरीक्षक, औषध हाती असताना व गाव गोव्याचे असताना जेथे फसला, तेथे केवळ कोशावरून ‘ह्या वनस्पती’ म्हणणाऱ्याने किती सावध राहिले पाहिजे, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दारुहळदीचा पिवळा रंग व बरेचसे औषधी सामर्थ्य बर्बेरिन ह्या क्षारोदात आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ढाका येथील नियंत्रित चाचणीत, ई. कोलाय ह्या जंतूच्या विषारी वाणामुळे झालेल्या अतिसारात बर्बेरिनच्या एका मात्रेने मलाचे प्रमाण घटले असे आढळले. डायोस्कोरिडीसच्या वचनास येथे काही पाठबळ मिळते. पण तो रोग आतड्याचा, जठराचा नव्हे. जठरातील जंतूवर बर्बेरिनचा प्रयोग अलीकडे चीनमध्ये झाला, आणि तोही प्रतिजैविकांच्या जोडीने, त्यांच्या जागी नव्हे.

५

रुमी मस्तकीची वस्तुस्थिती ह्याहून बोधप्रद आहे. हा एका झुडुपाचा निर्यास, म्हणजे डिंकासारखा वाळलेला राळयुक्त स्राव. ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागातील गावांत सालीला चिरा पाडून तो काढतात. ग्रीक नाव ‘मास्तिखे’ हे दात चावण्याच्या क्रियेवरून आले आहे, कारण हा पदार्थ चघळण्याचा. इंग्रजीतील ‘मॅस्टिकेट’ हे क्रियापद ह्याच कुळातील. ग्रीकातून ते अरबीत ‘मस्तका’ झाले, फारसीत ‘मस्तकी’ झाले आणि हकिमांच्या मार्गाने आपल्याकडे आले. ‘रुमी’ म्हणजे रूम देशाचे. बायझंटाइन साम्राज्यास, आणि पुढे तुर्कांच्या ताब्यातील त्याच प्रदेशास, मुसलमान लेखक रूम म्हणत. मराठी माणसास ‘मस्तकी’ ऐकताच मस्तक आठवते व हे डोक्याचे औषध असावे असे वाटते. हा केवळ ध्वनिसाम्याचा खेळ आहे.

खिओसच्या मस्तकीवर चौदाव्या शतकाच्या मध्यापासून १५६६ पर्यंत जिनोआच्या व्यापाऱ्यांचे प्रभुत्व होते, त्यानंतर तुर्कांचे. तिची किंमत एवढी होती की १४९३ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात कोलंबसाने नव्या भूमीत मस्तकी मिळेल असे आश्वासन दिले. अशा महागड्या मालाला पर्याय निघणे अपरिहार्य होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात बलुचिस्तानाकडून येणारा, त्याच प्रजातीतील दुसऱ्या झाडांचा निर्यास चाले आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याला ‘बाँबे मॅस्टिक’ असे नावच देऊन टाकले होते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली पुडी ‘रुमी’ होती की नाही, हा प्रश्नही चिकित्सेचा होता. त्याने तो विचारला नव्हता.

आता प्रयोगांचा इतिहास पाहू. १९८४ साली इराकी संशोधकांनी ३८ रुग्णांवर चाचणी करून असे प्रसिद्ध केले की रोज एक ग्रॅम मस्तकी दोन आठवडे घेतलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांचा ग्रहणीव्रण भरून आला. नुसती औषधहीन पूड घेतलेल्यांत हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्या वेळी ह्या जंतूची वार्ता नुकतीच बाहेर येत होती. १९९८ साली त्याच संशोधकांपैकी एकाने नॉटिंगहॅम येथील सहकाऱ्यांसह एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे पत्र छापले : प्रयोगशाळेतील बशीत मस्तकीने हेलिकोबॅक्टर पायलोरी मरतो. कोडे सुटले असे सर्वांस वाटले. प्राचीन वचन, व्रण भरल्याचा पुरावा आणि जंतू मरल्याचा पुरावा अशा तिन्ही कड्या जुळल्या. मस्तकीच्या गोळ्यांचा व्यापार वाढला.

पाच वर्षांनी, २००३ साली, नॉटिंगहॅममध्येच ज्यांच्या जठरात हा जंतू होता अशा थोड्या रुग्णांस रोज चार ग्रॅम मस्तकी चौदा दिवस देण्यात आली. एकाही रुग्णाचा जंतू नाहीसा झाला नाही. २०१० साली ग्रीसमध्ये ५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चित्र काहीसे निराळे निघाले : अधिक मात्रेने नुसती मस्तकी घेणाऱ्या १३ पैकी ५ जणांचा जंतू गेला, तर प्रतिजैविके घेणाऱ्या १३ पैकी १० जणांचा. युरोपीय औषध संस्थेने २०१५ साली मस्तकीला सौम्य अपचनावरील पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली; जंतुनाशक म्हणून नव्हे.

बशीत आणि जठरात एवढा भेद का पडावा? बशीत जंतू उघडा असतो आणि द्रव्य त्याच्याभोवती दिवसचे दिवस स्थिर राहते. जठरात जंतू श्लेष्माच्या थराखाली, अस्तराला लागून राहतो. युरिएज ह्या विकराने अमोनिया निर्माण करून आपल्याभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो. आणि पोटात घेतलेले द्रव्य थोड्याच काळात पातळ होऊन पुढे निघून जाते. आपल्या घरच्या हळदीचीही हीच कथा. कुर्कुमिन ह्या तिच्यातील द्रव्याने बशीत ह्या जंतूची वाढ रोखली जाते असे २००२ साली दिसले. २००७ साली इटलीतील एका चाचणीत प्रतिजैविकांवाचून, कुर्कुमिन व इतर साहाय्यक द्रव्ये सात दिवस दिलेल्या २५ रुग्णांपैकी केवळ तिघांचा जंतू गेला. परंतु अपचनाच्या तक्रारी मात्र पुष्कळांच्या कमी झाल्या. ह्या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुढील विवेचनाचा आधार तेच आहे.

६

तिसरे द्रव्य ज्येष्ठमध. ह्यातील ‘ज्येष्ठ’ हा शब्द ज्येष्ठ नव्हे. मूळ संस्कृत ‘यष्टिमधु’, म्हणजे काठीतील गोडवा. आद्य ‘य’चा ‘ज’ होणे ही प्राकृतातील सर्वपरिचित प्रक्रिया. त्यातून ‘जेष्टमध’ असा लोकांच्या तोंडचा उच्चार झाला. आणि पुढे कोणा सुशिक्षिताने त्याला शुद्ध करावयास घेऊन ‘ज्येष्ठ’ करून ठेविले. ग्रीक ‘ग्लिकिरिझा’चा अर्थही गोड मूळ असाच आहे. येथे मात्र वनस्पतीच्या ओळखीविषयी वाद नाही. शब्द बिघडला, वस्तू तीच राहिली. मागील दोन्ही उदाहरणांच्या हे नेमके उलट आहे, आणि शब्द व वस्तू ह्यांचे इतिहास स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत ह्याचे ते उत्तम प्रमाण होय.

१९४६ साली रेव्हर्स ह्या डच वैद्याच्या पाहण्यात आले की त्याच्या गावच्या एका औषधविक्रेत्याच्या ज्येष्ठमधाच्या अर्काने व्रणाच्या रुग्णांस बराच आराम पडतो. मात्र सुमारे पाचांत एकाच्या अंगावर सूज येते. पुढे ज्येष्ठमधातील घटकापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार करण्यात आले, आणि १९६२ साली रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी ह्यांनी नियंत्रित चाचणीने त्याने जठरव्रण लवकर भरतो असे सिद्ध केले. शरीरात मीठ व पाणी साठणे, पोटॅशियम घटणे व रक्तदाब वाढणे हे त्याचे दोष पुढे स्पष्ट झाले आणि अधिक निर्धोक औषधे आल्यावर ते मागे पडले. २००२ साली जपानी संशोधकांनी ज्येष्ठमधातील काही फ्लॅव्हनॉइड द्रव्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या वाणांवरही बशीत परिणाम करतात असे दाखविले. परंतु १९६२ चे यश त्या द्रव्यांचे नव्हते. व्रण भरला तो जंतूला न मारता, अस्तराचे संरक्षण वाढल्यामुळे.

७

आता मूळ वाक्यातील तिसरा भाग, ‘वापरल्या जात आहेत’. ‘वापरल्या जातात आणि गुण येतो’ असे त्यात गृहीत आहे.

मराठीतील ‘गुण येणे’ हा वाक्प्रयोग मोठा अर्थगर्भ आहे. ‘औषधाचा गुण आला’ असे म्हणताना आपण निदान तीन गोष्टी एकाच शब्दाने सांगत असतो. पहिली, बरे वाटले : कळ थांबली, अन्न गोड लागू लागले. दुसरी, व्रण भरला : दुर्बीण घालून पाहिले असता जखम दिसेनाशी झाली. तिसरी, कारण गेले : जंतू नाहीसा झाला. रुग्णाच्या दृष्टीने ह्या तिन्ही एकच वाटतात, आणि दीर्घकाळ वैद्यासही त्या वेगळ्या करण्याचे साधन नव्हते. परंतु वर दिलेला इतिहास पाहिला तर त्या एकमेकींपासून सुटू शकतात हे स्पष्ट होते. कुर्कुमिनने पहिला अर्थ साधला, तिसरा नाही. कार्बेनॉक्सोलोनने दुसरा साधला, तिसऱ्याचा तेव्हा पत्ताही नव्हता. मस्तकीने १९८४ साली दुसरा साधल्याचे दिसले, १९९८ साली बशीत तिसरा साधला, आणि २००३ साली जठरात तो साधला नाही.

प्राचीन ग्रंथांची साक्ष पहिल्या अर्थापुरतीच आहे. ती खोटी नव्हे. डायोस्कोरिडीस मस्तकी पोटाला हितकर म्हणतो, तेव्हा त्याने जे पाहिले ते तो प्रामाणिकपणे सांगतो. खोटेपणा उत्पन्न होतो तो आपण त्याच्या पहिल्या अर्थाचे वाक्य तिसऱ्या अर्थाच्या पुराव्यात घालतो तेव्हा.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. प्रस्तुत लेखकाचे एक वडीलधारे आप्त ह्या जंतूच्या उपचारासाठी चौदा दिवसांचा औषधक्रम घेत होते. पाचव्या दिवशी तोंड कडू होऊन मळमळू लागले, म्हणून त्यांनी गोळ्या बंद करून ज्येष्ठमधाचे चूर्ण सुरू केले आणि ‘गुण आला’ असे सर्वांस सांगितले. त्यांच्या म्हणण्यात असत्य काही नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटत होते. काही महिन्यांनी केलेल्या श्वासपरीक्षेत जंतू तसाच असल्याचे दिसून आले आणि वैद्यांस दुसरी औषधे योजावी लागली. आमच्या घरात शास्त्राचे वाचन नाही असे नव्हे. उणीव होती ती एका शब्दाचे तीन अर्थ वेगळे करून सांगणाऱ्याची, आणि ते काम, खरे पाहता, प्रस्तुत लेखकाचे होते.

८

अर्धवट सोडलेल्या उपचाराचे मोल एका रुग्णापुरते राहत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जंतूच्या प्रथिननिर्मितीच्या यंत्रणेतील एका ठिकाणी जाऊन चिकटते. त्या ठिकाणच्या जनुकसंहितेत एक अक्षर बदलले की औषधाला तेथे बसता येत नाही, आणि जंतूची ती यंत्रणा मात्र चालू राहते. अर्धवट उपचारात औषधाला बळी पडणारे जंतू मरतात व असे बदललेले जंतू मोकळ्या जागेत वाढतात. मेट्रोनिडाझोल हे औषध आपल्याकडे आमांशादि विकारांवर इतके सढळपणे दिले गेले आहे की भारतातील ह्या जंतूच्या वाणांत त्याला प्रतिरोध फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंच्या यादीत घातला होता. २०२४ च्या यादीत ती नोंद राहिली नाही. परंतु यादीतून नाव गेल्याने प्रतिरोध गेला असे होत नाही.

अशा वेळी वनस्पतींकडे पाहावयाचेच नाही काय? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ब्रोकोली ह्या भाजीतील सल्फोराफेन हे द्रव्य प्रतिजैविकरोधी वाणांसही बशीत मारते असे २००२ साली दाखविण्यात आले. त्याहून सूचक शोध २००० सालचा आहे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू बर्बेरिनला आपल्या शरीरातून पंपाप्रमाणे बाहेर फेकतो, आणि दारुहळदीच्या प्रजातीतील एक वनस्पती त्या पंपालाच अडविणारे दुसरे द्रव्य स्वतः तयार करते. हे दुसरे द्रव्य एकटे असता जंतूला मारीत नाही. बर्बेरिनच्या साहाय्याने त्याचे महत्त्व कळते. वनस्पतीच्या संपूर्ण अर्कात एकट्या घटकापेक्षा अधिक सामर्थ्य असू शकते, ह्या जुन्या समजुतीला येथे एक तपासता येण्याजोगा अर्थ मिळाला. मात्र त्याच शोधाचा दुसरा बोध असा की वनस्पतिज द्रव्यालाही जंतू प्रतिकार करतात. झाडातून आलेले औषध प्रतिरोधापासून मुक्त असते, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

तात्पर्य, प्राचीन ग्रंथांचा उपयोग कोठे शोधावे हे सांगण्यापुरता मोठा आहे. काय सापडले हे सांगण्यास ते असमर्थ आहेत. ह्या मर्यादेत त्यांची साक्ष घेतली तर तिचा मान राहतो. मर्यादेबाहेर ओढली तर प्रयोग फसताच ग्रंथही खोटे ठरतात, आणि मग ज्यांनी ते गौरवाने उद्धृत केले तेच त्यांच्या अवहेलनेस कारण होतात.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी आपले वाक्य बदलले. आता ते असे आहे : ‘रुमी मस्तकी, दारुहळद व ज्येष्ठमध ह्या नावांनी ओळखली जाणारी द्रव्ये पोटाच्या तक्रारींवर जुन्या काळापासून दिली जात, ती ह्या जंतूचा नाश करतात किंवा नाही, हे प्रस्तुत प्रबंधात तपासले आहे.’ वाक्य लांबले, त्यातील अभिमान कमी झाला, आणि श्लोकाची जागा रिकामी राहिली. परंतु त्याच्या बशीतील मस्तकी कोणत्या झाडाची, हेही त्याने वनस्पतिशास्त्र विभागाकडून निश्चित करून घेतले, आणि ‘गुण’ हा शब्द प्रबंधात जेथे जेथे आला होता तेथे तो खोडून, तिन्हींपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते लिहिले. प्रबंध तपासणाऱ्यांस ही शेवटची दुरुस्ती कदाचित दिसणारही नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती ओळखावी, एवढीच अपेक्षा.